फाटकावरचा डबा आणि सातवा ढीग

जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेभोवती पत्र्याचे कुंपण होते. कुंपणाला एकच फाटक, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला तारेने टांगलेला बिस्किटांचा रिकामा डबा. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या डब्यात खिसे रिकामे करायचे, असा तिथला कायदा होता. झाकणावर पेन्सिलीने लिहिलेली यादी चिकटवली होती: अत्तर, सॅनिटायझर, मार्कर पेन, नेलपॉलिश, संत्री. खाली एकच ओळ होती. ‘आधी ठेवावे, का ते नंतर विचारावे.’

हा कायदा मातीबाईंचा. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले होते. कंपनीचे साहेब, रस्त्यावरची पोरे, पलीकडच्या बालवाडीच्या बाई, सगळे त्यांना मातीबाईच म्हणत. वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज मात्र उंचीच्या दुप्पट. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळायला लागल्या होत्या. एका सोमवारी नमुने गोळा करणारा माणूस आलाच नाही. साहेबांनी विचारले, कोणाला खड्ड्यात उतरता येते? बाईंनी पदर खोचला आणि उतरल्या. त्या दिवसापासून त्या बाटल्या विसळायला परत गेल्या नाहीत. घरी नवरा घड्याळे दुरुस्त करायचा. “आमच्याकडे एक जण वेळ बघतो, एक जण माती,” त्या सांगायच्या, “आणि जेवायची आठवण दोघांनाही नसते.”

या जागेची गोष्ट सोपी होती. पंप बंद पडला, त्याच्या पोटातल्या चार लोखंडी टाक्या जमिनीखाली गंजत राहिल्या, आणि काढायला गेले तेव्हा दोन टाक्यांची चाळण झालेली. आजूबाजूची माती पेट्रोल पिऊन काळी झाली होती. ती सगळी उपसली आणि जाड प्लास्टिकवर तिचे सात लांबट ढीग घातले. ढिगांच्या पोटातून भोके पाडलेले पाइप गेले होते, ब्लोअर त्यांतून हवा खेळवायचा. वरून बेताचे पाणी आणि थोडे खत. बाकीचे काम मातीतलेच जंतू करायचे. पेट्रोल हेच त्यांचे अन्न. मातीबाई त्यांना ‘मंडळी’ म्हणत. सकाळी येऊन ढिगावरच्या कापडाखाली हात घालत आणि माती कोमट लागली की समाधानाने म्हणत, “मंडळी जेवतायत. गडबड करू नका.”

माती स्वच्छ झाली की ती पुन्हा त्याच खड्ड्यात भरायची आणि वर बालवाडीचे अंगण करायचे, असे ठरले होते. बालवाडीच्या बाईंनी कुंपणाला लागून असलेल्या खोलीत चाळीस बुटक्या खुर्च्या आधीच आणून ठेवल्या होत्या. दर दोन दिवसांनी त्या पत्र्यावरून डोकावून विचारत, “मातीबाई, आमचं अंगण जेवलं का?”

दर मंगळवारी मोजणी असे. एका ढिगात पाच ठिकाणी गुडघे टेकून बसायचे, कोपरापर्यंत खणायचे, ती माती एका बरणीत अर्धी भरायची, बरणीच्या तोंडावर फॉइल दाबून बसवायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. मग मीटरची सुई फॉइलमधून आत खुपसायची. मातीत पेट्रोल उरले असेल तर वाफ बरणीत साठते, आणि मीटर आकडा दाखवतो. पन्नासच्या खाली आकडा आला, तरच नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

फाटकावरचा डबा या मीटरसाठी होता. मीटर इमानी होता, पण भोळा. वाफ पेट्रोलची की आणखी कशाची, हे त्याला कळत नसे. एकदा माती उपसणाऱ्या लोडरवाल्याने संत्रे सोलले आणि त्याच हाताने बरणी धरली. मीटर चारशेवर. जागेवरचा तरुण इंजिनियर धावत आला, दोन फोन झाले, आणि मग मातीबाईंनी लोडरवाल्याची बोटे हुंगली.

“काय खाल्लंस?”

“संत्रं, ताई. अर्धंच.”

“अर्ध्यानं चारशे केले. पूर्ण खाल्लं असतंस तर गाव रिकामं करावं लागलं असतं.”

संत्री यादीत गेली. स्वतः इंजिनियर एकदा लग्नासाठी एका मुलीला भेटायला जायचे म्हणून अत्तर लावून आला, तर बाईंनी त्याला दिवसभर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे केले. सरकारी तपासनीस आले, त्यांचे सॅनिटायझर डब्यात. बाई स्वतः फक्त पेन्सिलीने लिहीत, कारण मार्करच्या शाईलाही मीटर फसतो. पेन्सिलीमागचे रबर त्यांनी कापून टाकलेले असे. “खोडायची सोय असली की खोडायची इच्छा होते,” असे त्यांचे म्हणणे.

असे नऊ महिने गेले. सहा ढीग शहाण्या मुलांसारखे सुधारले. सातवा थोडा मागे होता, पण तोही उतरत होता: तीनशे, एकशेनव्वद, आणि वीस तारखेच्या मंगळवारी चौऱ्याऐंशी. पुढच्या मंगळवारी मात्र त्याने उलटी चाल धरली. एकशेबहात्तर. मग एकशेसाठ. मग एकशेएक्क्याऐंशी.

“हा ढीग कामचुकार आहे,” लोडरवाला म्हणाला.

“ढिगाला नावं ठेवू नकोस,” बाई म्हणाल्या. “मंडळींचं काहीतरी बिनसलंय.”

इंजिनियरने खत वाढवले. लोडरवाल्याने आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊन ढीग दोनदा वरखाली केला. एक जादा पाइप घातला. सतरा तारखेला आकडा आला एकशेएकोणसत्तर.

इंजिनियर डोके खाजवत म्हणाला, “मावशी, आता माझ्या हातात नाही. काम महिनाअखेर संपायचंय. सातवा ढीग ट्रकनं कचराभूमीत पाठवायचा, असं वरून आलंय. गुरुवारी, सव्वीसला ट्रक येतील.”

“आणि खड्डा?”

“एका कोपऱ्यात उघडा राहील. दुसरी माती मिळेपर्यंत अंगण पुढं ढकलायचं.”

बालवाडीच्या बाईंना हे कुंपणावरूनच कळले. त्या नुसत्या आत गेल्या, आणि खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मातीबाईंना तो आवाज कोणी शिव्या दिल्या असत्या त्याहून जास्त लागला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मातीचा एक ढीगही टाकून दिला नव्हता. माती बरी करायची असते, हाकलायची नसते, एवढेच त्यांचे शास्त्र.

पण त्या महिन्यात बाईंच्या मनाला आणखी एक घोर होता, आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. त्यांचे गुडघे गेले होते.

सात ढीग, प्रत्येकी पाच जागा. पस्तीस वेळा बसायचे आणि पस्तीस वेळा उठायचे. पंचविसाव्या वेळेपासून डावा गुडघा कुरकुरायला लागे, आणि तिसाव्याला तो बोलायलाच लागे. कंपनीत याला औषध एकच होते: टेबल. बाईंच्या बरोबरीच्या एका नमुनेवाल्याला पाठदुखीवरून टेबल मिळाले होते. तो आता फायलींना नंबर देत बसे आणि खिडकीतून जाणारे ट्रक मोजी. बाई एकदा त्याला भेटायला गेल्या, तेव्हा त्याने त्यांच्या बुटांना लागलेल्या मातीकडे इतक्या प्रेमाने पाहिले, की त्या चहा अर्धा टाकून उठल्या. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारले, “गुडघे?” बाई म्हणाल्या, “उत्तम.” डॉक्टरांनी ‘उत्तम’ लिहिले.

घरी मात्र सून होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिच्यापासून काही लपत नसे.

“आई, जिना चढताना तुमच्या गुडघ्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो. काल तिथल्या काकू विचारत होत्या, दाराला तेल का घालत नाही म्हणून.”

“त्यांच्याच दाराला घाला म्हणावं.”

सुनेने हिरव्या मलमाची एक चपटी डबी त्यांच्या हातात ठेवली. “दिवसातून एकदा, वाटाण्याएवढं. लावून पाच मिनिटं पाय लांब करून बसायचं.”

बाईंनी आदल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेच्या मंगळवारी ते पहिल्यांदा वापरून पाहिले. सहा ढीग झाल्यावर शेडच्या मागे गेल्या, साडी वर घेतली, दोन्ही गुडघ्यांना चोळले, रुमालाला बोटे पुसली आणि नवे हातमोजे चढवून सातव्या ढिगाकडे आल्या. गुडघा थंडगार झाला होता. त्या खाली बसल्या आणि अगदी सहज उठल्या. त्या रात्री त्यांनी सुनेच्या ताटात स्वतःची पोळी वाढली. सुनेने ती मुकाट्याने खाल्ली, पण मनातून चकित झाली.

त्यानंतर डबी दर मंगळवारी त्यांच्या पिशवीत असे.

चोवीस तारखेचा मंगळवार उजाडला. ट्रक यायला दोन दिवस उरले होते. बाई नेहमीप्रमाणे साडेआठला आल्या, तर पाण्याचा टँकर चाक रुतून बरोबर पहिल्या ढिगासमोर आडवा बसलेला. टँकरवाला मदत आणायला गेला होता.

“थांबू या का?” इंजिनियरने विचारले.

“चाकं त्याची रुतली, माझी नाहीत. आज शेवटाकडून सुरू करते.”

अठ्ठावीस वर्षांत त्या कधी उलट्या गेल्या नव्हत्या. त्यांनी सातव्या ढिगाशी गुडघे टेकले. पाच जागा, एक बरणी, फॉइल, दहा मिनिटे. सुई आत गेली आणि मीटरने दाखवले बावीस.

बाईंनी मीटर हलवला. बावीसच. लोडरवाला खांद्यावरून वाकून पाहत होता. “ताई, मीटर झोपलाय.”

“झोपला असेल तर सहाव्यालाही झोपेल. बघू.”

सहावा बारा, पाचवा नऊ. सगळे आकडे गेल्या आठवड्यासारखेच. म्हणजे मीटर जागा होता, आणि सातवा ढीग एका आठवड्यात बरा झाला होता. इंजिनियर म्हणाला, “एका आकड्यावर ट्रक रद्द होत नाहीत मावशी. चार आठवडे तो दीडशेच्या वर आहे. वरचे विचारतील, आज काय जादू झाली? मी काय सांगू?”

त्याचे खरे होते. बाई पुढच्या ढिगाकडे गेल्या. दुसरा ढीग संपेपर्यंत तीस वेळा बसून झाले होते आणि डावा गुडघा बोलायला लागला होता. टँकर एव्हाना निघाला होता. त्या शेडमागे गेल्या, मलम चोळले, बोटे पुसली, नवे हातमोजे घातले आणि पहिल्या ढिगाशी आल्या. पहिला म्हणजे त्यांचा सगळ्यात गुणी ढीग. दोन महिने त्याने दहाच्या वर मान काढली नव्हती.

मीटरने दाखवले एकशेअठ्ठावन्न.

बाईंनी आकडा वहीत लिहिला, कारण आकडा दिसला की आधी लिहायचा आणि मग विचार करायचा, ही त्यांची सवय. लिहून झाल्यावर त्यांनी विचार केला. पेन्सील हातातच होती. त्यांनी हातमोजा काढला, बोटे नाकाशी नेली, आणि मग मीटरची सुई आपल्या बोटांसमोर धरली. मीटर टुणकन साडेतीनशेवर गेला.

त्या शेडमागे जाऊन पाण्याच्या पिंपावर बसल्या. पिशवीतून डबी काढली. झाकण उघडताच कापराचा आणि टर्पेंटाइनचा वास सपकन आला. नऊ महिने त्यांनी लोकांच्या खिशांतून अत्तरे काढून घेतली होती. संत्र्याच्या सालीवरून एका बापड्याच्या इज्जतीचे खोबरे केले होते. पण मलम? मलम म्हणजे औषध. औषध हे वासांत धरायचे असते, हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. चार मंगळवार त्यांनी शेवटच्या ढिगावर आपलेच गुडघे मोजले होते, आणि बिचारा सातवा फुकट बदनाम झाला होता.

आता काय करायचे, हे त्यांना दिसत होते, आणि म्हणूनच त्या पिंपावरून उठेनात. साबणाने हात धुऊन पहिल्या ढिगाची बरणी पुन्हा भरली तर आकडा येईल आठ. मीटर चुकला म्हणायचे, झाले. कोणाला काही कळणार नाही, गुडघे ‘उत्तम’ राहतील. पण मग सातव्याच्या चार आकड्यांचे कारण कोणी सांगायचे? कारणावाचून ट्रक थांबणार नाहीत. कारण सांगितले तर ट्रक थांबतील, आणि टेबल येईल. कुंपणापलीकडे बालवाडीच्या बाई पोरांकडून खुर्च्या मोजून घेत होत्या. पोरे एकोणचाळीसवर चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

बाई उठल्या. गुडघा कट्‌कन वाजला. “वाज,” त्या त्याला म्हणाल्या, “आता कुठं लपायचंय.”

इंजिनियर आणि लोडरवाला ढिगापाशी उभे होते. बाईंनी डबी दोघांसमोर धरली.

“सातव्यात काही नव्हतं. हे होतं. माझ्या हाताला. मी दर मंगळवारी सहा ढिगांनंतर गुडघ्यांना लावते, कारण त्यापुढं मला बसता येत नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. आज उलटी आले, म्हणून पाप पहिल्याच्या माथी गेलं. तुमची खात्री होईपर्यंत हात धुऊन दोन्ही बरण्या पुन्हा भरते, आणि मग तुम्ही वर फोन करा.”

मग लोडरवाल्याने घसा साफ केला.

“ताई, एक बोलू? वास आम्हाला चार आठवडे येतोय.”

“काय?”

“सातव्यापाशी तुम्ही आलात की दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. मी साहेबांना म्हटलं पण.”

इंजिनियर बुटांकडे बघत म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला सर्दी झालीय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला?” लोडरवाला म्हणाला. “डबा तुमचा, यादी तुमची, नाक तुमचं. आम्ही म्हटलं, ताईंच्या अंगाला येतोय म्हणजे तो वास परवानगीचाच असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. माझी एक सुट्टी गेली त्यात.”

बाईंना रागवायचे होते, पण आतून हसूच फुटले, आणि ते फुटल्यावर त्या दोघांनाही आवरेना. बालवाडीच्या बाई पत्र्यावरून डोकावून बघायला लागल्या.

हात तीनदा धुतले. पहिला आठ, सातवा एकवीस. इंजिनियरने शेडमध्ये जाऊन अर्धा तास फोन केला. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ट्रक रद्द. सातव्याचा नमुना त्याच दुपारी प्रयोगशाळेत गेला. “आणि मावशी,” तो म्हणाला, “गुडघ्यांचंही सांगावं लागलं. ऑफिसचं पत्र येईल.”

“येऊ दे. सांगायलाच हवं होतं.”

लोडरवाला मध्येच म्हणाला, “पण ताईंनी मातीपर्यंत का वाकायचं? मातीला वर आणता येते की.” तो लोडरवर चढला. बकेटचे दात ढिगात खोल घातले, भरलेली बकेट उचलली आणि बाईंच्या कमरेच्या उंचीला आणून थांबवली. इंजिनियरने पुस्तिका उघडली, पाने चाळली, एका पानावर थांबला आणि पुन्हा वाचले. बकेटमधून नमुना घ्यायला हरकत नव्हती. फक्त माती बकेटच्या मधली हवी, कडेची नको. गुडघे टेकावेत असे त्यात कुठेच लिहिले नव्हते.

“अठ्ठावीस वर्षं,” बाई म्हणाल्या, “आणि हे मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही कोणाला विचारलं होतं?” लोडरवाला वरून म्हणाला.

त्या संध्याकाळी सुनेला सगळे सांगितले. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “आई, डबीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, लावल्यावर हात धुवावेत. वाचलं नाहीत?”

“मी मातीचे कागद वाचते. मलमाचे तू वाचायचेस.”

सोमवारी, तीस तारखेला, प्रयोगशाळेचा कागद आला. सातवा ढीग स्वच्छ. लगेच खड्डा भरायला सुरुवात झाली. सगळ्यात आधी सातव्याची माती घालायची, हा बाईंचा हट्ट होता, कारण त्याने उगाच बोलणी खाल्ली होती. ऑफिसचे पत्रही त्याच दिवशी आले: आठवड्यातले दोन दिवस टेबल, तीन दिवस जागेवर, आणि नमुने बकेटमधूनच. दोन दिवस टेबल म्हणजे दोन दिवस टेबलच. बाईंनी पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाल्या, “ठीक आहे. त्या ट्रक मोजणाऱ्यालाही सोबत होईल.” त्या आनंदाने म्हणाल्या असे कोणी म्हणणार नाही, पण रडतही म्हणाल्या नाहीत.

मग त्या फाटकाशी गेल्या. डब्यात लोडरवाल्याचे सॅनिटायझर होते, इंजिनियरचे अत्तर होते. बाईंनी पिशवीतून हिरवी डबी काढली आणि त्यांच्याशेजारी ठेवली. पेन्सील काढून ‘संत्री’च्या खाली लिहिले, ‘मलम’. थोडा विचार केला आणि आणखी एक ओळ घातली: ‘यादी करणाऱ्यानेही.’

पत्र्यावरून बालवाडीच्या बाईंचे डोके वर आले. “मातीबाई, आमचं अंगण जेवलं का?”

“जेवलं,” बाई म्हणाल्या. “हातही धुतले. खुर्च्या खाली काढा.”